गिधाडं आणि डीडीटी: गल्लत नको

अन्नसाखळीत डीडीटीसारखं विष साठत जाण्याचं उदाहरण म्हणून काही जण गिधाडांच्या मृत्यूंचं नाव घेतात. ते तिथे बसत नाही. डीडीटी हे कीटकनाशक चरबीत विरघळतं, शरीराबाहेर सहज पडत नाही. म्हणून प्लवकांपासून (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) मासे आणि मासेखाऊ पक्ष्यांपर्यंत त्याचं प्रमाण चढत जातं आणि अंड्यांची कवचं पातळ होतात. गिधाडांचं तसं झालं नाही. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसात उरायचं, आणि तसं मांस एकदा खाल्लं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाड काही दिवसांत मरायचं. साठण्याचा प्रश्नच नव्हता! गिधाडांच्या मृत्यूंचं हे कारण २००४ मध्ये जाहीर झालं, २००६ मध्ये भारतात डायक्लोफिनॅक जनावरांना देण्यावर बंदी आली. त्याऐवजी वापरता येणारं मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे. ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांनी डॉक्टरांकडे तेच मागावं, ही कळकळीची विनंती.