छोट्या अमेरिकी गावातली उन्हाळी इंटर्नशिप: कोलंबस, इंडियाना आणि तशीच गावं

मे उजाडला की अमेरिकेतल्या विद्यापीठांमधली आपली मुलं तीन महिन्यांसाठी कुठल्या कुठे पांगतात. मोठ्या शहरात गेलेल्यांचं निभतं. जिथे बस रविवारी बंद, टॅक्सी पहाटे मिळत नाही आणि तीन महिन्यांचं भाडेपत्र कोणी करून देत नाही, तिथे जाणाऱ्यांना नेमकी माहिती हवी असते. पुण्याच्या मुलांना यातलं सगळ्यात ओळखीचं गाव म्हणजे कोलंबस, इंडियाना. कमिन्स ही इंजिन बनवणारी कंपनी १९१९ साली तिथेच सुरू झाली, आणि १९६२ पासून तिचं पुण्याशी नातं आहे. वस्ती साधारण पन्नास हजार. ओहायोतलं कोलंबस वेगळं, म्हणून विमानाचं तिकीट इंडियानापोलिसचं काढायचं. तिथून गाव दक्षिणेला पन्नासेक मैल. अशा गावांत राहिलेल्यांनी आपापल्या माहितीतलं लिहावं. आकडे, फॉर्मची नावं, काय बिघडतं आणि का, हे सगळं हवं आहे.

कोथरूडकर

घर शोधण्याआधी मॅनेजरला एकच प्रश्न विचारा: रोज कुठल्या इमारतीत बसायचं? ऑफर लेटरवर नुसतं 'कोलंबस' असतं. मुख्य कार्यालय डाउनटाउनमध्ये आहे, तिथे चालत किंवा सायकलने जाता येतं. मिडरेंज इंजिनचा कारखाना मात्र गावाच्या दक्षिणेला वॉल्सबरोला, आय-६५ महामार्गाच्या ६४ नंबरच्या एक्झिटजवळ. तिथे गाडीशिवाय जमणार नाही. गावातली बस सोमवार ते शनिवार धावते. पहिल्या पाळीची वेळ आणि पहिल्या बसची वेळ जुळते का, हे वेळापत्रकात बघूनच बसच्या भरवशावर राहा. उबर-लिफ्टवाले थोडे आहेत. संध्याकाळी मिळतात, पहाटे साडेपाचला मिळतीलच असं नाही.

गाडी नसेल तर रूममेट गाडीवाला शोधा, आणि तो त्याच इमारतीत, त्याच पाळीत जाणारा हवा. 'कंपनी एकच आहे' एवढ्यावर ठरवलं तर जूनमध्ये पंचाईत होते, कारण चाचणी विभागाच्या आणि ऑफिसच्या वेळा जुळत नाहीत. मित्राची गाडी रोज चालवणार असाल तर त्याच्या विमा पॉलिसीवर चालक म्हणून नाव घालून घ्या. अधूनमधून चालवणं बहुतेक पॉलिसीत चालतं, रोजचं चालवणं लपवलं तर दावा अडकतो. भाड्याची गाडी तीन महिने घ्यायची म्हटलं तर पंचवीस वर्षांखालच्यांना बहुतेक कंपन्या दर दिवसाला जादा आकार लावतात. तो धरूनच हिशोब करा.

सांगलीची

कारखान्याजवळ घर घ्यावं या मताची मी नाही. शक्यतो किराणा दुकानाच्या चालण्याच्या अंतरावर घ्या. कामाला जायला कोणीतरी सोबत मिळतं, रविवारी दूध-भाजी आणायला मिळत नाही.

अपार्टमेंटवाले बारा महिन्यांचा करार मागतात. तीन महिन्यांचा दिला तरी भाडं बरंच चढं असतं. त्यामुळे सबलीज (आधीच्या भाडेकरूकडून घर घेणं) हाच मार्ग. त्यात पहिली गोष्ट म्हणजे मूळ मालकाची किंवा व्यवस्थापनाची लेखी संमती. ती नसेल तर तुम्ही कायद्याने तिथले कोणीच नसता. दुसरी गोष्ट, पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर घर बघायचं, तेही नळ सोडून, फ्रीज उघडून. तिसरी फार कमी जण करतात. काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मालमत्ता नोंदी ऑनलाइन खुल्या असतात; पत्ता टाकला की मालकाचं नाव दिसतं. भाडं मागणारा माणूस आणि ते नाव यांचा काहीच संबंध लागत नसेल तर तिथेच थांबा.

वीज कोणाच्या नावावर आणि इंटरनेट आहे का, हे करारातच लिहून घ्या. राहायला गेल्या दिवशी प्रत्येक खोलीचे, गालिच्यावरच्या डागांचे, ओव्हनच्या आतले फोटो काढून त्याच दिवशी ईमेल करून ठेवा. अनामत परत मिळताना भांडण गालिच्यावरून होतं.

हवा भरायची गादी घेऊ नका. एसीच्या थंडीत हवा आकसते आणि पहाटे पाठ जमिनीला टेकते. चार इंची घडीची फोमची गादी घ्या, जाताना विकताही येते.

सुरुवातीला हॉटेलात राहणार असाल तर लक्षात ठेवा, इंडियानात सलग तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामावर कर लागतो. महिनाभर राहणार हे नक्की असेल तर आरक्षण करतानाच सांगा.

नागपूरकर

कागदपत्रांचं मी लिहितो, कारण इथे चुकलं तर बाकी सगळं जागच्या जागी राहतं.

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असाल तर सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं, आणि मंजुरी आय-२० (विद्यापीठाने दिलेलं विद्यार्थी-पात्रतेचं पत्र) च्या दुसऱ्या पानावर कंपनीचं नाव आणि तारखांसकट छापून येते. त्या तारखेच्या एक दिवस आधीसुद्धा काम करायचं नाही, 'नुसतं ओरिएंटेशन आहे' म्हटलं तरी नाही. मुदत वाढवायची असेल तर आधीची संपण्यापूर्वी नवा आय-२० हातात हवा. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने भरली की त्याच पदवीच्या पातळीवरची ओपीटी (शिक्षणाशी निगडित कामाची वेगळी परवानगी) जाते. एका उन्हाळ्याने काही बिघडत नाही, पण बेरीज मांडून ठेवा. बऱ्याच विद्यापीठांत सीपीटीसाठी उन्हाळ्यात क्रेडिट घ्यावं लागतं. त्याची फी भाड्याच्या आणि अनामतीच्याच महिन्यात येते.

पत्ता बदलला की दहा दिवसांत विद्यापीठाच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारा अधिकारी) कळवायचं. तात्पुरतं घर असलं तरीही.

आय-९ (काम करायला पात्र असल्याचा फॉर्म) चा पहिला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत तुम्ही भरायचा. दुसरा भाग कंपनी तीन कामकाजी दिवसांत भरते, त्यासाठी पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) ची प्रत आणि सीपीटी छापलेला आय-२० असे तिन्ही एकत्र लागतात. मोबाइलमधला फोटो चालत नाही. मूळ पासपोर्ट विद्यापीठाच्या खोलीत ठेवून निघू नका.

डब्ल्यू-४ (पगारातून कर कापण्यासाठीचा फॉर्म) वर 'सिंगल', आणि ४ (सी) च्या खालच्या जागेत 'नॉनरेसिडेंट एलियन' लिहायचं. पहिली पाच कॅलेंडर वर्षं आपल्याला सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५, म्हणजे ७.६५ टक्के लागू नसतात. पगाराची यंत्रणा ते सवयीने कापते. पहिल्या पगाराची स्लिप उघडून याच दोन ओळी बघा. कापले असतील तर आधी कंपनीकडेच परत मागा, कारण चालू वर्षात ते त्यांना सोपं जातं. नंतर परताव्यासाठी कर खात्याकडे फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून महिनोनमहिने वाट बघावी लागते.

इंडियानाचा खास मुद्दा म्हणजे डब्ल्यूएच-४, राज्याच्या आणि काउंटीच्या कर कपातीचा फॉर्म. काउंटीचा कर तुम्ही १ जानेवारीला कुठल्या काउंटीत राहत होता यावर ठरतो. १ जानेवारीला दुसऱ्या राज्यात राहत आणि शिकत असाल तर तो लागू नसतो. सध्याचा पत्ता बघून सवयीने कोलंबसची बार्थोलोम्यू काउंटी लिहिली की कर कापला जातो. राज्याचा कर मात्र द्यावाच लागतो.

कंपनीने स्थलांतरासाठी दिलेली रक्कम २०१८ पासून करपात्र आहे. हातात कमी येते, आकडा बघून गादी-फर्निचरचे बेत आखू नका.

डोंबिवलीकर

वर एक राहिलं. ज्यांनी कॅम्पसवर कधी काम केलं नाही त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर (पगार-करासाठी लागणारा ओळख क्रमांक) नसतो. अर्ज काम सुरू व्हायच्या तीस दिवस आधीपासून करता येतो, त्याआधी नाही. कार्ड टपालाने येतं, म्हणून पत्ता असा द्या की जिथे दोन-तीन आठवड्यांनीही तुम्ही किंवा विश्वासाचं माणूस असेल, आणि पेटीवर तुमचं नाव चिकटवलेलं असेल. पेटीवर नाव नसलं तर पोस्टमन पत्र परत पाठवू शकतो.

फोंड्याची

स्वयंपाकघराविषयी. भारतातून मिक्सर नेऊ नका. आपला २३० व्होल्टचा, तिथली वीज १२० व्होल्टची. भांडं कसंबसं फिरतं आणि वाटण होत नाही. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर ७५० वॅटच्या मिक्सरला निदान १५०० वॅटचा लागतो, आणि तो विटेसारखा जड. त्यापेक्षा तिथल्या विजेवर चालणारा भारतीय मिक्सर इंडियानापोलिसच्या इंडियन ग्रोसरीत मिळतो का बघा. कुकर मात्र खुशाल न्या, शिट्टी आणि गास्केट जादाची घेऊन.

क्रोगर, वॉलमार्ट या तिथल्या सुपरमार्केटांत काय मिळतं? मसूर डाळ मिळते, तूरडाळ आणि पोहे नाहीत. मिरची घेताना हालापेन्यो सोडा, सेरानो घ्या, आपल्या तिखटाच्या जवळ तीच. किसलेलं खोबरं घेताना 'अनस्वीटन्ड' लिहिलेलंच घ्या, केकच्या सामानातलं साखर घातलेलं असतं आणि एक वाटी पडली की आमटी फेकावी लागते. 'ऑल पर्पज' म्हणजे मैदा. तिथल्या गव्हाच्या पिठाची पोळी कडक होते. कणकेची वीस पौंडांची पिशवी इंडियन ग्रोसरीतून एकदाच आणा, दोघांना उन्हाळाभर पुरते.

दही लागत नाही अशी तक्रार सगळ्यांची. घर एसीमुळे २१-२२ अंशांवर असतं, त्यात विरजण झोपतं. लिटरभर दूध उकळून बोट सोसेल इतकं कोमट करा, साध्या होल मिल्क योगर्टचा चमचाभर घाला, ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावा आणि भांडं रात्रभर आत ठेवा. सकाळी घट्ट दही. विरजणाच्या डब्यावर 'लाइव्ह कल्चर्स' लिहिलेलं हवं. तूपही घरी होतं: ४५४ ग्रॅम बिनमिठाच्या लोण्याचं मंद आचेवर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास.

फोडणीचं सांगते. शेगडीवरचा पंखा बऱ्याच घरांत हवा बाहेर सोडतच नाही, जाळीतून फिरवून परत खोलीत सोडतो. म्हणून धुराचा अलार्म वाजतो. खिडकी आधी उघडा, तेल धुरायच्या आत मोहरी टाका आणि लगेच झाकण ठेवा. विजेच्या कॉइलची आच बटण बंद केल्यावरही मिनिटभर तशीच राहते, त्यामुळे हिंग-हळद घालताना कढलं बाजूला उचलून घ्या. अलार्मची बॅटरी काढून ठेवणं भाडेकराराचा भंग ठरतो आणि जिवावरही बेतू शकतं.

मिडलंड, मिशिगनहून

डाउ या रसायन कंपनीच्या गावाचंही गणित हेच. एक भर घालतो. तळमजल्याचं किंवा बेसमेंटचं घर घेताना पुराचं विचारा. मिडलंडला मे २०२० मध्ये वरच्या अंगाचं ईडनव्हिल धरण फुटून पाणी आलं. कोलंबसला ७ जून २००८ ला हॉ क्रीकच्या पुरात तिथलं रुग्णालयही बंद पडलं होतं. भाडेकरूचा नेहमीचा विमा पुराचं नुकसान भरत नाही.

टोर्नेडोचे (जमिनीवरचं भोवऱ्यासारखं वादळ) दोन इशारे वेगळे आहेत. 'वॉच' म्हणजे हवा तशी आहे, फोन चार्ज करून ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ दिसलंय किंवा रडारवर आलंय. तेव्हा सगळ्यात खालचा मजला आणि बिनखिडकीची आतली खोली, बहुतेक घरांत ती बाथरूम असते. बाल्कनीत जाऊन शूटिंग करत बसू नका.

नाशिककर

चार बाजूंनी थांब्याची पाटी असेल तर आधी पोचलेला आधी जातो, एकदम पोचले तर उजवीकडचा. पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं. जूनच्या शेवटी उजेड रात्री सव्वानऊपर्यंत असतो, त्यानंतरच्या संधिप्रकाशात मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यांवर हरणं आडवी येतात. एक दिसलं तर मागे दुसरं असतंच.

संध्याकाळी वेळ असेल तर कोलंबसमध्ये चालत फिरा. वास्तुकार एलिएल सारिनेनचं १९४२ चं चर्च आणि समोरच वास्तुकार आय. एम. पेईचं १९६९ चं ग्रंथालय, त्यापुढे शिल्पकार हेन्री मूरची कमान. एवढ्या लहान गावात हे सगळं अर्ध्या तासात बघून होतं, आणि ग्रंथालयात एसी व इंटरनेट फुकट आहे.

आणि ऑगस्टमध्ये निघताना पगाराच्या पोर्टलवर पत्ता बदलायला विसरू नका. डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) जानेवारीत निघतो, तोवर इंटर्नचं लॉगिन बऱ्याच ठिकाणी बंद झालेलं असतं. वैयक्तिक ईमेल नोंदवा आणि शेवटच्या पगाराची स्लिप उतरवून ठेवा. १०४०-एनआर (अनिवासींचं कर विवरणपत्र) भरताना भारत-अमेरिका करविषयक कराराच्या कलम २१ (२) खाली प्रमाणित वजावट मिळते, ती घ्या. फॉर्म ८८४३ (विद्यार्थी म्हणून राहिल्याच्या दिवसांचा) सोबत जोडा, मुदत १५ एप्रिल.