लाट कुणाची? सर्फिंगमधली शिस्त आणि दादागिरी

मेधा_सिडनी

गेल्या शनिवारी सकाळी मॅनलीला, क्वीन्सक्लिफच्या टोकाला पाण्यात होते. सर्फिंग शिकायला लागून मला चौदा महिने झाले, वय त्रेचाळीस. लाटा कमरेएवढ्या आणि एवढ्याशा वाळूच्या पट्ट्यावर तीसेक माणसं. लाट आली, मी फक्त उजवीकडे पाहिलं, हात मारले आणि उभी राहिले. डावीकडून एकजण आधीच त्या लाटेवर होता. लाट जिथे फुटते त्याच्या जो सर्वांत जवळ, त्याची ती लाट, हा पहिला नियम. म्हणजे मी चक्क ‘ड्रॉप-इन’ केलं. चूक माझीच. लगेच बोर्डवरून उडी टाकली, वर येऊन सॉरी म्हटलं.

तो वळून माझ्याकडे आला. मला वाटलं काही सांगेल. त्याने माझ्या घोट्याला बांधलेली लीश, म्हणजे बोर्डला जोडलेली दोरी, पकडली आणि हिसका देऊन ओढली. मी पाठीवर आडवी झाले, नाकातोंडात पाणी गेलं. शिव्या झाल्या, ‘किनाऱ्यावर जाऊन बस’ झालं. आजूबाजूचे सगळे क्षितिजाकडे बघत बसले होते, पुढच्या लाटेची वाट पाहत. एकानेही त्याला ‘अरे, पुरे’ म्हटलं नाही.

नियम हवेतच. पण शिकवण्याच्या नावाखाली अंगाला हात लावणं, घाबरवणं ही सरळ गुंडगिरी आहे आणि आपण तिला ‘सर्फिंगची संस्कृती’ म्हणून खपवून घेतो. तुम्हाला काय वाटतं?

कोस्टकर

मेधाताई, लीश ओढली ते चूकच. पाण्यात कुणाच्याही लीशला हात लावायचा नसतो. पण बाकीचं मला पटत नाही.

मी गोल्ड कोस्टला एकोणीस वर्षं सर्फ करतोय. २००१ पासून ट्वीड नदीच्या मुखाशी साचणारी वाळू पंपाने पलीकडे टाकायला लागले, तिच्यातून स्नॅपर रॉक्सपासून किराकडे जाणारा ‘सुपरबँक’ तयार झाला. लाट इतकी लांब की जगभरातून लोक येतात. चांगल्या दिवशी तिथे शेकडो डोकी असतात. तिथे पंच नाही, शिट्टी नाही, सिग्नल नाही. जीवरक्षक बुडणाऱ्याला काढतात, लाटेचा न्याय करत नाहीत.

माझ्या डाव्या पोटरीवर सोळा टाके आहेत. एका नवशिक्याने ड्रॉप-इन केलं, घाबरून बोर्ड सोडून दिला आणि त्याच्या तळाचं पात्यासारखं फिन माझ्या पायातून गेलं. तोही सॉरीच म्हणाला होता. किनाऱ्यापर्यंत येताना मागे पाणी लाल होत होतं, ते अजून आठवतं. त्याला आधी कुणी खणखणीत ओरडलं असतं तर तो त्या लाटेवर चढलाच नसता. ओरडणं ही तिथली एकमेव शिट्टी आहे. ती काढून घेतलीत तर हातात उरतं काय?

रानडे_एलए

ओरडण्याची शिट्टी कुठवर जाते ते आमच्या इथे पाहा. लॉस एंजेलिसजवळ पॅलोस व्हर्डेस एस्टेट्समध्ये लुनाडा बे आहे. कॅलिफोर्नियात भरतीच्या रेषेखालची जमीन जनतेची, १९७६ च्या कोस्टल अ‍ॅक्टनेही किनाऱ्यावर जाण्याचा हक्क जपलाय. तरीही ‘बे बॉइज’ म्हणवणारी टोळी वर्षानुवर्षं बाहेरच्यांवर दगड टाकायची, गाड्यांचे टायर फोडायची. कड्याखाली त्यांनी परवानगीशिवाय दगडी कट्टा बांधला होता. २०१६ मध्ये फेडरल कोर्टात खटला दाखल झाला, त्याच वर्षी कट्टा पाडला. ही माणसं कोण? कड्यावरच्या महागड्या बंगल्यांमधली. ‘आम्ही इथलेच’ या वाक्यामागे तिथे दुसरं काहीही नव्हतं.

कोस्टकर

रानडे, टायर फोडणं हा गुन्हा आहे, पोलिसांकडे जा. मी लाटेवरच्या शिस्तीबद्दल बोलतोय. दोन्ही एका पोत्यात घालू नका.

मेधा_सिडनी

कोस्टकरदादा, तुमच्या पायाचं वाचून वाईट वाटलं आणि फिनची धास्ती मला मान्य आहे. पण पोतं एकच आहे असं मला वाटतं. २००० साली आपल्याच न्यू साउथ वेल्समधल्या अँगॉरीला नॅट यंगचं काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. सर्फिंगचा १९६६ चा जगज्जेता, तिथल्या पाण्यात मुरलेला माणूस. लाटेवरून एका तरुणाशी बोलाचाली झाली, नॅटने त्याला थोबाडीत मारली, मग त्या मुलाच्या बापाने नॅटला इतकं मारलं की चेहऱ्याची हाडं मोडली. यात नवशिका कोण होता? तिघांनाही नियम तोंडपाठ होते. शिव्या पहिल्या, चापट दुसरी, हाडं तिसरी.

निखिल_ओआहू

सगळीकडच्या स्थानिकांना एकाच मापाने मोजू नका. हवाईत हा खेळ कुणाचा होता? ‘हेए नालू’, म्हणजे सर्फिंग, ही इथल्या लोकांची विद्या, अलीई म्हणजे सरदार-राजे लाटांवर उभे राहायचे. १८९३ मध्ये इथलं राज्य उलथवलं, जमीन गेली, भाषा शाळेतून गेली. सत्तरच्या दशकात ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या, नॉर्थ शोअरच्या लाटाही स्पर्धा भरवणाऱ्यांच्या वेळापत्रकात जायला लागल्या, तेव्हा ‘हुई ओ हेए नालू’ ही स्थानिक सर्फरांची संघटना उभी राहिली. त्यांनी मारामाऱ्या केल्या, त्याचं समर्थन करत नाही. पण तिथल्या पाइपलाइन नावाच्या प्रसिद्ध लाटेवर मी गेलो तर आधी तासभर कडेला बसतो, बघतो, मान हलवून ओळख देतो. मी पाहुणा आहे. मुंबईहून आलेल्या माझ्यासारख्याने इथे ‘समुद्र सगळ्यांचा’ म्हणणं मला लाजिरवाणं वाटतं. लुनाडा बेचे बंगलेवाले आणि हे लोक यांना एका रांगेत बसवू नका, रानडे.

रानडे_एलए

हा मुद्दा मान्य. हवाईचा इतिहास वेगळा आहे. पण तोच इतिहास उसना घेऊन बाकी जगातले लोक ‘लोकल्स ओन्ली’ रंगवतात, माझा राग त्यावर आहे.

देवबागकर

मला सर्फिंगमधलं कळत नाही, पण आजोळ देवबागचं. रापण लागते तेव्हा होडी अर्धगोल फिरून जाळं टाकते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. तेवढा वेळ पोहणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगतात. पर्यटक ऐकत नाहीत, सेल्फी काढत दोरांत शिरतात. मग मामा ओरडायचा, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही, कारण त्या जाळ्यावर घर चालायचं. दोर हातातून सुटला तर तळवा सोलून निघतो. मामाने कुणाला ढकललेलं मात्र मी पाहिलं नाही. पोट समुद्रावर असलेला माणूस असा वागतो, तर हौसेने आलेल्याला हात उचलायचं काय कारण?

कोस्टकर

देवबागकर, मामांचं पटलं. ओरडा, पण हात लावू नका, इथवर मी येतो. ओरडणं सोडणार नाही.

आणि मेधाताई, ज्यांनी शिकवलं त्यांनाही जरा विचारा. पहिल्या दिवशी फोमबोर्ड हातात देतात, उभं राहायला शिकवतात, पण आधी दोन्हीकडे बघा, बाहेर जाताना चॅनलमधून, म्हणजे लाटा फुटत नाहीत त्या खोल पट्ट्यातून जा, समोरून कुणी लाटेवर येत असेल तर फेसाच्या बाजूने जा, त्याची वाट कापू नका, हे कितीजण सांगतात?

मेधा_सिडनी

मला सांगितलं नव्हतं. चॅनल म्हणजे काय हे मला सहाव्या महिन्यात, एका म्हाताऱ्या बाईंनी पाण्यातच हाताने दाखवून सांगितलं, अगदी दोन मिनिटांत. त्यानंतर ती चूक माझ्याकडून एकदाही झाली नाही.

काल परत गेले होते. प्रत्येक लाटेला दोन्हीकडे बघते आहे, त्यामुळे निम्म्या सुटतात. तो माणूसही होता. त्याने पुन्हा कुणावर हात टाकला तर या वेळी मी क्षितिजाकडे बघत बसणार नाही, एवढं ठरवलंय.