दिवास्वप्न पडतं की पाहतात?

भाचीने निबंधात लिहिलं होतं, ‘भांडी घासताना मला रोज ऑडिशनचं दिवास्वप्न पडतं.’ बाईंनी ‘पडतं’खाली लाल रेघ मारून वर ‘मी पाहते’ असं लिहून दिलं. भाचीचं म्हणणं, मी मुद्दाम कुठे पाहते, ते आपोआप येतं. भांडण माझ्याकडे आलं.

मी तिला घासताना पाहिलंय. कढई हातात येईपर्यंत ठीक असतं. मग हात मंदावतो, हनुवटी वर जाते, समोरच्या टाइल्समध्ये तीन परीक्षक बसतात. ही नाव सांगते, गाव सांगते, ‘कोणाकडे शिकतेस?’चं उत्तर देते, घसा खाकरते. नळ चालूच. मग आतून तिची आजी ओरडते, ‘झाले का मनातले मांडे खाऊन?’

तर प्रश्न दोन. दिवास्वप्न पडतं की पाहतात? आणि यासाठी टोमणा नसलेला एखादा मराठी शब्द आहे का?

प्रतिसाद

पेशाने वैद्य आहे, म्हणून राहवत नाही. ‘दिवास्वप्न’ हा शब्द आमच्याकडे फार जुना आहे, पण त्याचा अर्थ दिवसा झोपणे, एवढाच. संस्कृतात ‘स्वप्न’ म्हणजे मुळात झोप. त्या झोपेत जे दिसतं ते नंतरचं. जागेपणी रंगवलेलं चित्र हा अर्थ इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा होता म्हणून त्याच्यावर बसला. त्यामुळे हा शब्द जुना दिसतो, पण या अर्थाने तो नवाच.

गंमत पुढे आहे. उन्हाळा सोडला तर दिवसा झोपू नये, कफ-पित्त वाढतं, असं चरकसंहितेत सांगितलंय. पण सूत्रस्थानाच्या २१व्या अध्यायात सवलतींची यादी आहे. यांनी कोणत्याही ऋतूत दिवसा झोपलं तरी चालेल. त्या यादीत पहिला मान गाण्याने थकलेल्यांचा! अध्ययन, मद्य, ओझी वाहणं, वाटचाल हे सगळं त्यानंतर. तेव्हा भाचीला सांगा, आधी रियाज करून दम, मग दिवास्वप्न शास्त्रसंमत आहे.

प्रतिसाद

आजींच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं. मी खानदेशातली. मांडे काय प्रकरण असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेला उंडा आधी थोडा लाटून मग दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि न फाटू देता खापरावर टाकायचा. माझ्या आईचे हात चालायचे. माझा पहिला मांडा थेट चुलीत गेला होता. बेळगावचा मांडा वेगळा, साखरेचा, घडी घातलेला, कुरकुरीत.

एवढा खटाटोप प्रत्यक्षात कोण करतो? मनात मात्र एकही फाटत नाही. म्हणून मनातले ‘मांडे’, भाकरी नव्हे. (हा माझा तर्क आहे, व्युत्पत्ती म्हणून कुठे छापू नका.) टोमणा आहे हे खरं. ‘मनात मांडे, पदरात धोंडे’ ही म्हण तर सरळ जखमेवर मीठ. पण आजी ‘खाऊन’ म्हणाल्या ना? म्हणजे पोरीला चव लागलेली त्यांनाही कळतेय.

प्रतिसाद

‘मनोराज्य’ घ्या की! त्यात टोमणा कमी आणि रुबाब जास्त. मात्र त्याच्या मागेही पंचतंत्रातला तो ब्राह्मण उभा आहे, सातूच्या पिठाच्या मडक्याखाली झोपलेला. पीठ विकून शेळ्या, शेळ्यांवरून गाई, मग म्हशी, घोड्या, घर, बायको, सोमशर्मा नावाचा मुलगा, आणि शेवटी बायकोला मारायला उचललेला पाय मडक्याला. पांढराफटक झाला बिचारा. मुलगा जन्मायच्या आधीच ‘सोमशर्म्याचा बाप’ म्हणून अजरामर.

‘मनोरे रचणे’मधला मनोरा अरबीतून आलेला, त्याचा मनाशी संबंध नाही, कानाला फक्त तसं वाटतं. ‘स्वप्नरंजन’ हा समीक्षकांचा शब्द, तो भांडी घासणाऱ्या मुलीच्या अंगावर टाकू नका.

प्रतिसाद

सगळे स्वप्नाच्या मागे लागलात, ‘ऑडिशन’ तशीच राहिली. मराठीत ती परीक्षेसारखी चालते: गाणारा ‘देतो’, ऐकणारा ‘घेतो’. प्रतिशब्द आहे, ‘स्वरचाचणी’. आकाशवाणीच्या जुन्या गायक-वादकांकडून ऐकाल. ‘श्रवणचाचणी’ म्हणू नका, तिच्यासाठी कानाच्या डॉक्टरकडे जावं लागतं.

आणि इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. १९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले, त्यानंतर आकाशवाणीने कलावंतांच्या चाचण्या आणि श्रेणी लावल्या. नावाजलेल्यांनाही चाचणी द्या म्हटल्यावर बरीच आदळआपट झाली. त्या चाचणीत परीक्षकांना गाणारा दिसत नसे, नुसता ऐकू येई. ऑडिशन या शब्दाच्या पोटात लॅटिनमधलं ‘ऐकणं’च आहे.

दूरचित्रवाणीने ते उलटं केलं. मुंबईचा अभिजीत सावंत २००५मध्ये ‘इंडियन आयडॉल’ जिंकला, मग मराठी ‘सा रे ग म प’ आलं, लिटिल चॅम्प्स आले, आणि गाणं ही घरोघर बघायची गोष्ट झाली. (तिथे गुणसुद्धा स्वरांत मिळायचे. आमच्याकडे अजून आमटी जमली की ‘वरचा सा’ देतात.) तुमच्या भाचीचे परीक्षक टाइल्समध्ये बसतात म्हणता. म्हणजे ती गाणं ऐकत नाहीये, स्वतःला गाताना बघतेय. बाईंचं ‘पाहते’ या मुलीपुरतं बरोबर आहे. एरवी मी ‘रंगवते’ लिहिलं असतं. ‘पडतं’ हे झोपेसाठी ठेवा.

मूळ प्रश्न विचारणारी

वैद्यबुवांचा निरोप पोचवला, रियाजाचा भाग ऐकून न ऐकल्यासारखा केला गेला. ‘मनोराज्य’ तिला इतिहासाच्या पुस्तकातलं वाटतं. मांड्यांची हकिगत मात्र आजीने दोनदा वाचून घेतली आणि ‘पुरणात जायफळ नाही घातलं वाटतं हिने’ एवढंच म्हणाली.

‘पाहते’चं मात्र पटेना. म्हणून काल भांड्यांच्या वेळी मुद्दाम विचारलं, ‘परीक्षकांपुढे गाणं कुठलं म्हणतेस गं?’

कढई तशीच धरून थोडा वेळ विचार केला तिने. मग म्हणाली, ‘गाणं अजून ठरलं नाहीये, मावशी. ओढणी ठरलीय.’