पाण्याचा कायदा शिकायला परदेशी जावं, की आधी आपली नदी चालावी?

चिखलीची (धागाकर्ती)

मी कोल्हापुरात एलएल.एम. केलं, आता तासिका तत्त्वावर कायदा शिकवते. माझा विषय पाण्याचा कायदा. घर प्रयाग चिखलीत, म्हणजे जिथून पंचगंगा सुरू होते तिथं. २०१९ च्या पुरात आमच्या माजघराच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटली. नंतर रंग देताना आईनं तेवढी पट्टी तशीच सोडली. त्या रेघेला हात लावायचा तर मला टाचा उंचवाव्या लागतात.

पुढच्या वर्षी परदेशी शिकायला अर्ज करायचा विचार आहे. त्यावरून घरात आणि स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. म्हणून इथं मांडते, पण माझं मत आधीच सांगते : जायला हवं.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांबरोबर येतं. पण ४३ च्या वर पाणी चढलं की कोण कुणाला बांधील, हे कायद्याच्या वर्गात मला कुणी शिकवलं नाही. शिकवलं काय? १९५६ चा आंतरराज्य नदी पाणी तंटा कायदा आणि कृष्णेचं पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादाचे आकडे : महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८०० टीएमसी (अब्ज घनफूट). ते पाठ आहेत. त्या लवादानं पाणी वाटलं. पुराचं ओझं कुणी वाटून दिलं नाही. दुसऱ्या लवादाचा निवाडा २०१० मध्ये आला, तो अजून राजपत्रात नाही. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायचा विषय निघाला की आपण मोर्चा काढतो. ते रास्तच आहे, पण मोर्च्यानंतर टेबलावर ठेवायला मसुदा लागतो.

ऱ्हाईन नदीचं बघा. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर विष नदीत उतरलं आणि खाली नेदरलँड्सपर्यंत गेलं. काठावरच्या देशांचा एक आयोग १९५० पासून होता. त्या आगीनंतर त्यांनी नदी सुधारायचा कार्यक्रम एकत्र आखला, वरच्यानं खालच्याला वेळेत कळवायची व्यवस्था पक्की केली. तिथली माणसं काही देवमाणसं नाहीत, त्यांनाही भांडूनच हे करावं लागलं. ते कसं केलं हे त्या काठावर बसून शिकायचं आहे मला.

बरगेवाला

ताई, मी पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. वडीलकीच्या नात्यानं विचारतो. तुम्ही कधी बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालताना उभं राहून बघितलंय का?

पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे उतरवतात. दोन ओळी, मधे माती ठासायची. एक बरगा वाकडा बसला तरी रात्रभर पाणी झिरपतं आणि सकाळी खालच्या गावाला वाटतं, वरच्यांनी मुद्दाम अडवलं. या बंधाऱ्याला सगळ्या महाराष्ट्रात 'कोल्हापूर पद्धतीचा' म्हणतात. नाव आपलं आहे. पण तो कधी अडवायचा, कधी मोकळा करायचा, बरगे चोरीला गेले तर कुणी भरून द्यायचे, यावर कायद्याच्या विद्यार्थ्यानं चार पानं लिहिलेली माझ्या पाहण्यात नाहीत.

आधी राधानगरीपासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत चाला. प्रत्येक बंधाऱ्यावर एक दिवस बसा. ऱ्हाईन कुठं पळून जात नाही.

दूधगंगाकाठ

काकांचं बरोबर हाय. मी कागलकडचा शेतकरी. उन्हाळ्यात उपसाबंदी लागते तवा मोटारीची लाइट तोडत्यात. ऊस डोळ्यांदेखत वाळतो. तवा माझ्या हातात काय असतं? पाणी मागायचा नमुना ७ चा अर्ज आन् पाणीपट्टीची पावती. मी म्हणतो 'माझं पाणी', आन् साहेब म्हणतो 'तुमचा परवाना'. ह्यो एवढाच फरक मला कुणीतरी समजावून सांगा. त्याला इमानाचं तिकीट कशाला पायजे?

सात पिंपं

मी इचलकरंजीची. आमच्या स्वयंपाकघरात आणि जिन्याखाली मिळून पाणी साठवायची सात पिंपं आहेत. पाहुणा आला की आधी विचारतो, "पाणी आलं होतं का?" दूधगंगाकाठ, मी तुमच्या विरोधातली नाही, पण सुळकुडचा, म्हणजे दूधगंगेचं पाणी इचलकरंजीला आणायच्या योजनेचा, प्रश्न मी दुसऱ्या टोकाकडून बघते.

आमच्या गावाजवळून पंचगंगा वाहते आणि तिचं पाणी पिता येत नाही. म्हणून वारणेचं मागितलं, वारणाकाठ उभा राहिला. दूधगंगेचं मागितलं, तुमचा काठ उभा राहिला. दोन्ही काठांची भीती मला कळते. पिण्याला पहिलं प्राधान्य, मग शेती, मग उद्योग, हे राज्याच्या धोरणात लिहिलेलं आहे. तरीही चर्चा दर वेळी 'देणार नाही' आणि 'घेणारच' यावरच अडते. घागरीत किती, उसाला किती, टंचाईच्या वर्षी कुणी किती सोडायचं, याचा लेखी करार कुणी मांडत नाही. तसे करार जगात कुठं झालेत ते बघून कुणीतरी परत यायलाच हवं. चिखलीताई, तुम्ही जा.

चिखलीची

काका, बरगे घालताना पाहिलंय, पण पुलावरून, जाता जाता. खाली उतरून नाही. हे मान्य करते.

दादा, तुमच्या 'माझं पाणी' आणि 'परवाना' यावर मात्र थांबले. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्यात पाण्यावर नियंत्रण शासनाचं, तुम्हाला मिळते ती परवानगी. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानं पहिल्यांदा 'पाणी वापराचा हक्क' अशी भाषा आणली. त्याच वर्षी शेतकऱ्यांनी सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन करायचा वेगळा कायदा आला. कागदावर आपण परवान्याकडून हक्काकडे सरकलो. तुमच्या मोटारीपर्यंत तो हक्क का पोचत नाही, हाच माझ्या अभ्यासाचा प्रश्न आहे. आणि तो सोडवायला मला दुसऱ्या एका गावचा दाखला हवा आहे.

स्पेनमध्ये वालेन्शियाला दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी पाणी न्यायालय बसतं. तुरिया नदीच्या आठ पाटांचे आठ प्रतिनिधी, सगळे शेतकरी, काळे अंगरखे घालून गोल बसतात. वकील नाही, लेखी कागद नाही. ज्यानं पाळी मोडली त्याला तिथंच विचारतात, तिथंच निकाल देतात, आणि त्यावर अपील नाही. २००९ मध्ये युनेस्कोनं ही परंपरा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. पण ती काचेच्या पेटीत ठेवलेली नाही, स्पेनचा कायदा तिला न्यायालय मानतो. मला ते बारा वाजलेले बघायचे आहेत.

बरगेवाला

बघा की. पण पाणी वाटून घ्यायचं शहाणपण बघायला स्पेनच कशाला? धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पुरंदरात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली आणि पाणी जमिनीवर नाही, माणशी मोजलं. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. एवढं धाडसाचं तत्त्व मी दुसऱ्या कुठल्या योजनेत बघितलं नाही. तुमच्या अभ्यासक्रमात ते आहे का?

चिखलीची

नाही. आणि ही गोष्ट मला लागली.

काळा कोट

मी वकिली करतो, आणि माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. वेळ चुकीची आहे.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. यात कृष्णा आहे, भीमा आहे, कोयना आहे, उजनी आहे. ज्यासाठी आमच्या आधीच्या पिढीनं पहाटेच्या गाड्यांनी मुंबई गाठली ते खटले आता घराजवळ चालतील. पाण्याचा कायदा येणारी माणसं बारमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि त्यातली एक आत्ता निघून जाणार?

कायदा कोर्टात कसा जिवंत होतो याचं उदाहरण देतो. प्राधिकरण कायद्यातलं कलम १२(६)(क), खोऱ्यातल्या टंचाईची झळ सगळ्यांनी सारखी सोसावी असं सांगणारं. वाचायला एक परिच्छेद. त्याच्या बळावर नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०१६ मध्ये न्यायालयानं ते तत्त्व उचलून धरलं. हे शिकायला विद्यापीठ लागत नाही, फाइल लागते.

सात पिंपं

वकीलसाहेब, तुम्ही म्हणता ते खटल्यापुरतं खरं. पण खटला हा भांडण झाल्यावरचा उपाय. आम्हाला भांडणाआधीची व्यवस्था हवी आहे. नेदरलँड्समध्ये पाणी मंडळं तेराव्या शतकापासून आहेत. आज एकवीस आहेत, त्यांची वेगळी निवडणूक होते, ती स्वतःचा कर स्वतः गोळा करतात. पाण्यासाठी वेगळं मत द्यायचं, ही कल्पनाच आपल्याकडे कुणाच्या डोक्यात नाही.

अर्जदार

तत्त्वाचं चाललंय ते चालू दे, मी पैशाचं बोलतो, कारण स्वतः या फेऱ्यातून गेलोय.

ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. म्हणजे काका म्हणतात ती पायपीट आणि ताई म्हणतात ते परदेश, या दोन्ही गोष्टी एकाच अर्जात बसतात. दोन वर्षं वकिली किंवा संस्थेत पाण्याचं काम केलंत तर तोच तुमचा अनुभव. कॉमनवेल्थ आणि फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्त्या, हे दोन दरवाजेही ठोठावा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. पाण्याच्या कायद्यात स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाचं नाव मोठं, नेदरलँड्समधली डेल्फ्टची पाणी संस्था १९५७ पासूनची. तरी विषयात नावाजलेली जागा क्रमवारीत वर असेलच असं नाही. अर्जाआधी यादी तपासा, नाहीतर वर्ष जातं. माझं गेलं.

आणि उद्देशपत्रात 'मला लहानपणापासून नदीची आवड' असलं काही लिहू नका. भिंतीवरची रेघ लिहा.

करवीरकर

शाहू महाराजांचा विषय निघालाच आहे तर, महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले होते. परत आले, आणि त्याच दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं. बाहेरचं जग बघितल्याशिवाय ही दृष्टी येते का?

बरगेवाला

करवीरकर, प्रवासामुळे धरण झालं असं म्हणू नका, ते कुणी सिद्ध केलेलं नाही. महाराजांना शिकारीच्या निमित्तानं दाजीपूरचं रान पायाखालचं होतं, भोगावतीचं खोरं ठाऊक होतं. दोन्ही होतं त्यांच्याकडे. रान आधी.

दूधगंगाकाठ

सात पिंपंताई, तुमच्या पिंपांचं वाचलं. आमच्या काठानं इचलकरंजीला तहानेलं ठेवायचं ठरवलेलं नाही. आमास्नी भ्या ह्येचं वाटतं की एकदा पाइप टाकला की पुना आकडा कोण बघणार? आज पिण्याला, उद्या कशाला? तुमी म्हणता तसा लिहिलेला करार, टंचाईच्या वर्षाच्या आकड्यासकट, आन् मोजायला आमचा एक माणूस मीटरपाशी, आसं कुणी मांडलं तर मी तरी बसून ऐकीन. बाकीच्यांचं मी सांगत न्हाई.

सात पिंपं

मीटरपाशी तुमचा एक आणि आमचा एक. मी हे आमच्या गल्लीत बोलून बघते.

चिखलीची

वर दोघांनी जे लिहिलं ते मी वहीत उतरवून घेतलं आहे, तारखेसकट.

माझं मत बदललं का? जायचं, हे कायम आहे. फक्त इतक्यात अर्ज करत नाही. वकीलसाहेब, तुमच्याकडे पाण्याच्या फाइली असतील तर दोन वर्षं मी काम करायला तयार आहे, तासिका सांभाळून. काका, फड पद्धत आणि पुरंदरची पाणी पंचायत यांचा इथल्या पाणी संस्थांशी ताडून अभ्यास करायचा म्हणते. मग वालेन्शियाला गेले तर विचारायला माझ्याकडे स्वतःचे प्रश्न असतील. आत्ता गेले असते तर नुसती बघून आले असते.

एकच विनंती. बरगे घालायचे दिवस आले की मला कळवाल का?

बरगेवाला

कळवतो. पाऊस कधी उघडतो त्यावर आहे, पण दिवाळीच्या आसपास धरून चाला. सकाळी सातला बंधाऱ्यावर या, चिखल असतो, चप्पल घालू नका. आणि वडिलांना घेऊन या. २०१९ ची रेघ तुमच्या घरात कुठवर होती ते मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.