चूक समोरच्याची, मग नो क्लेम बोनस माझा का जावा?

विक्रोळीकर:
मुंबईत मागून कोणी गाडी ठोकली की पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मागे हॉर्नचा कल्लोळ, दोन मिनिटं बाचाबाची, आणि मग "ज्याने त्याने आपापल्या इन्शुरन्समधून करून घ्या" म्हणून दोघंही निघतात. ज्याची चूक नाही त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे.

गेल्या वर्षी घाटकोपरला सिग्नलवर उभ्या असलेल्या माझ्या गाडीवर टेम्पो आदळला. बंपर गेलाच, पण डिकीत स्टेपनी ठेवतो तिथला पत्राही दुमडला आणि झाकण लागेना. क्लेम माझ्याच पॉलिसीवर घेतला. रिन्यूअलला ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांसाठी प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या कव्हरचा, प्रीमियम सूट वजा करण्याआधी १२,००० धरा. पहिल्या वर्षी ६,००० जास्त. पुढे बोनस २०, २५, ३५, ४५ असा चढेपर्यंत ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६००. एकूण १५,०००. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नव्हतं, त्यामुळे प्लास्टिकच्या पार्टवरचा ५० टक्के घसाराही खिशातून. चोर सोडून संन्याशाला फाशी! कंपन्यांनी आधी चूक कोणाची ते ठरवावं आणि बोनस त्याचाच कापावा.

नेहमी_डावीकडून:
यात ठरवायचं काय आहे? मागून ठोकणारा दोषी. पुढची गाडी अचानक थांबली तरी आपली थांबेल एवढं अंतर ठेवायचं हा नियमच आहे. टेम्पोवाल्याकडून जागेवर पैसे घ्यायचे आणि मोकळं व्हायचं.

सर्व्हेअर_दादर:
विक्रोळीकर, तुमची चीड समजते, पण उपाय पटत नाही. विमा कंपनीसाठी मी गाडीचं नुकसान बघतो ते वर्कशॉपमध्ये, रस्त्यावर नाही. पत्रा कुठून आत गेला, रंग कोणता घासला, यावरून धक्का कुठून बसला ते सांगता येतं. पुढच्याने विनाकारण ब्रेक मारला का, की मागचा मोबाईलवर होता, ते पत्रा सांगत नाही. कंपनीने आधी चूक ठरवायची म्हटलं तर दोन्ही बाजूंचे जबाब, फुटेज, मग त्यावर हरकती. तोवर तुमची गाडी गॅरेजमध्ये धूळ खात उभी. ओन डॅमेज कव्हर चूक कोणाचीही असो, पैसे देतं, आणि म्हणूनच ते लवकर देतं. उद्या पावसात तुमचीच गाडी घसरून कोणावर गेली, तर याच पद्धतीचा आधार तुम्हाला लागेल.

कोर्टाची_पायरी:
"मागचा तो दोषी" हे गृहीतक आहे, निकाल नव्हे. अंतर ठेवायचा नियम आहे तसा सुरक्षेचं कारण नसताना अचानक ब्रेक मारू नये असाही आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका प्रकरणात महामार्गावर इशारा न देता अचानक थांबलेल्या कारच्या चालकावर ५० टक्के जबाबदारी टाकली. मागून येऊन त्या कारला धडकलेल्या मोटरसायकलस्वाराच्या पायावरून बस गेली होती. बसवर ३० टक्के, स्वतः त्या तरुणावर २०. मागचा होता म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारला नाही.

विक्रोळीकरांच्या बाबतीत मात्र टेम्पोची चूक उघड दिसते. त्यांना थर्ड पार्टीचा रस्ता होता. टेम्पोच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा लागतो. फक्त एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत.

आणि "जागेवर पैसे" म्हणणाऱ्यांनी आपली पॉलिसी वाचा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे किंवा द्यायचा शब्द द्यायचा नाही, अशी अट त्यात असते.

भांडुपचा_रिक्षावाला:
वकीलसाहेब, अट बरोबर असेल, पण दावा लागला की तारखा लागतात. एक तारीख म्हणजे माझी एक दिवसाची कमाई. आमच्याकडे चूक कशी ठरते ते सांगू का? ज्याची गाडी महाग, त्याचा आवाज मोठा. रिक्षाला कारने घासलं तरी आरसा आमचाच फुटतो आणि भरपाईही आमच्याकडेच मागतात. दोन-तीन हजारांत मिटत असेल तर मी मिटवणार. पोलीस स्टेशनला जाऊन बसायला मला परवडत नाही.

मुलुंडची_सिस्टर:
मिटवा, पण माणसाला लागलेलं नसेल तरच. स्कूटरवरून पडलेली बाई "काही नाही झालं" म्हणत घरी जाते आणि रात्री पोट दुखतं म्हणून आमच्या कॅज्युअल्टीत येते. तोवर समोरच्या गाडीचा नंबरही कोणाकडे नसतो. कोणालाही लागलं असेल तर दवाखाना आणि पोलिसांना खबर ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, चूक कोणाचीही असो. एप्रिल २०२२ पासून मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये चूक सिद्ध न करताही मागता येतात. गाडी पळून गेली तर हिट अँड रनखाली २ लाख आणि ५०,०००. पण अपघाताची नोंदच नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर?

विक्रोळीकर:
सिस्टर, तुमचं शंभर टक्के मान्य. सर्व्हेअर साहेब, रस्त्यावर काय झालं ते कळत नाही म्हणता, तर ते टिपून ठेवायची सोय करा ना. युरोपात दोघा चालकांनी जागेवरच मिळून भरायचा छापील फॉर्म असतो. आघात कुठे, गाड्या कशा उभ्या होत्या त्याचं चित्र, दोघांच्या सह्या. त्यावरची सही म्हणजे चुकीची कबुलीही धरत नाहीत. तो आणि डॅशकॅमचं फुटेज असलं की सिग्नलवर उभ्या गाडीला मागून बसलेला धक्का ओळखायला महिने लागणार नाहीत. निदान एवढ्या उघड प्रकरणात तरी बोनस राहू द्या. रिक्षावाले दादा, तुमच्याही कामाचा आहे तो. तिथे आवाज चालत नाही.

भांडुपचा_रिक्षावाला:
फॉर्म मराठीत असेल आणि समोरचा काच खाली करून सही करणार असेल, तर मी पहिला भरीन.

सर्व्हेअर_दादर:
असा कागद आला तर मी तो रिपोर्टला नक्की जोडेन. पण बोनस सर्व्हेअर ठरवत नाही. त्या वर्षी ओन डॅमेजचा क्लेम झाला की तो जातो, चूक कोणाची हा रकानाच तिथे नाही. तुमची लढाई त्या नियमाशी आहे आणि ती आयआरडीएआयकडे, म्हणजे विमा कंपन्यांच्या नियामकाकडे, न्यावी लागेल. तोवर नो क्लेम बोनस प्रोटेक्शनचं ॲड-ऑन मिळतं, रिन्यूअलला विचारा.

विक्रोळीकर:
म्हणजे दुसऱ्याच्या चुकीपासून माझा बोनस वाचवायला जादा प्रीमियमही मीच भरायचा. हेच मला मान्य नाही. आयआरडीएआयला पाठवायच्या निवेदनाचा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकतो. वकीलसाहेब, एकदा नजर घाला.