लॅपटॉपचं साऊंड कार्ड पुरतं म्हणणाऱ्यांना

काळी चार

परवा इथल्या चर्चेत एकांनी ठोकून दिलं, की घरी गाणं रेकॉर्ड करायला लॅपटॉपमधलं साऊंड कार्ड पुरतं, वेगळा ऑडिओ इंटरफेस (माईक आणि कॉम्प्युटर जोडणारा बाहेरचा डबा) घेणं म्हणजे दुकानदाराची धन. ते वाचून माझ्या भाचीने इंटरफेसचा बेत रद्द केला, म्हणून हे लांबलचक उत्तर.

तिच्याकडे कंडेन्सर माईक आहे. त्याला ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे केबलमधूनच माईकला मिळणारी वीज, लागते. लॅपटॉपच्या ३.५ मिमी जॅकमधून मिळतात दोन-चार व्होल्ट. आवाज बारीक येतो, मग माणूस मायक्रोफोन बूस्ट ३० डेसिबलवर नेतो आणि गळ्याबरोबर खरखरही तेवढीच वर येते. त्याहून वाईट पुढे आहे. लॅपटॉपचं ऑडिओ सॉफ्टवेअर मीटिंगमधल्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. सतत एकसारखा चालणारा आवाज दिसला की ते त्याला गोंगाट समजून दाबतं. आता तंबोरा म्हणजे दुसरं काय असतं? तिच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला तंबोरा स्वच्छ आहे, मग विरत जातो, आणि ती षड्जावर थांबली की तिचा स्वरसुद्धा मधेच खचतो. इतकं मन लावून लावलेला सा असा चिरडलेला ऐकून मला फार वाईट वाटलं.

माईक प्रीअँप (माईकचा बारीक आवाज वाढवणारा भाग), फँटम आणि कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिराने आत-बाहेर नेणारं सॉफ्टवेअर), एवढं ज्यात आहे तो इंटरफेस घ्या. एकट्याने गाणाऱ्याला स्कार्लेट सोलोसारखा एक प्रीअँपचा इंटरफेस पुरतो. पेटी आणि गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर हवे असतील तर दोन प्रीअँप लागतात.

जुना पीसीवाला

ते मीच लिहिलं होतं आणि मी ठाम आहे. तंबोरा साऊंड कार्डाने नाही, सेटिंगने खाल्लाय. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, साऊंड, मग माईकवर टिचकी मारा, तिथे ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. लॅपटॉप कंपनीचं वेगळं ॲप असेल तर त्यातलंही नॉइज सप्रेशन बंद करा. एक पैसा लागत नाही.

माझ्या डेस्कटॉपला मागे निळा लाइन-इन आहे, म्हणजे मिक्सरसारख्या यंत्राचा आधीच वाढवलेला आवाज घेणारा जॅक. भजनी मंडळाचा मिक्सर त्यात लावतो. पखवाज, टाळ, पेटी, सगळं येतं. इतक्या वर्षांत एकाही बुवांनी तक्रार केली नाही. १६ बिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात बारीक ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलची रेंज मिळते. आमच्या खिडकीखालून रिक्षा जातात, त्या खोलीत २४ बिटांचं काय करू?

काळी चार

तुमच्याकडे मिक्सर आहे, म्हणजे प्रीअँप आहेच की! फक्त तो वेगळ्या डब्यात आहे. नवख्या पोरांना हे सांगितलंत का? लॅपटॉपला निळा लाइन-इन नसतो, एकच जॅक असतो आणि त्यातला माईकही मोनो. २४ बिट रिक्षांसाठी नकोतच. लेव्हल खाली ठेवून गाता यावं, तार सप्तकात आवाज फाटू नये, म्हणून हवेत.

ढोलकी ठाणेकर

लेटन्सीवर, म्हणजे वाजवल्यापासून हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंतच्या उशिरावर, कोणीच बोलत नाही. कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून पुढे देतो, तो साठा म्हणजे बफर. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सँपलचा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, वर ड्रायव्हरचा वेळ. थाप हाताला आधी, कानाला नंतर. ठेका चालूच शकत नाही. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग असतं, आवाज कॉम्प्युटरात न शिरता थेट हेडफोनला येतो.

जुना पीसीवाला

एक कान उघडा ठेवून वाजवा. ट्रॅक मागून सरकवता येतो. एएसआयओ४ऑल नावाचा ड्रायव्हर फुकट मिळतो, त्याने बफर बराच खाली येतो.

नवी मुंबई गिटार

मधेच विचारतो. इंटरफेस घेतलाय, तरी चार्जर लावला की घूं आवाज येतो. चार्जर काढला की बंद. इंटरफेस खराब आहे का?

तापकीर गल्ली

इंटरफेस बदलू नका. ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्याने येणारी गुणगुण. चार्जरच्या प्लगची वरची जाड पिन काढा, नाहीतर टू-पिन कन्व्हर्टर लावा. आवाज लगेच जातो, आम्ही सगळे हेच करतो.

अर्थिंग आधी

हे कृपा करून कोणी करू नका! ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. चार्जर आतून फुटला तर करंट धातूच्या बॉडीतून गिटारच्या तारांवर येईल, आणि तारेवर तुमची बोटं आहेत. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, स्पीकरला बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुणगुण आपोआप कापणारी) लावा. तरी आवाज राहिला तर इंटरफेस आणि स्पीकरच्या मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

तापकीर गल्ली

मी दुकानात काम केलंय, मला शिकवू नका. कितीतरी जुन्या घरांत तिसऱ्या पिनला आत वायरच नसते. कापली काय आणि ठेवली काय!

अर्थिंग आधी

तिथेच माझं रक्त उसळतं. आमच्या जुन्या इमारतीत वायरमनने सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एकत्र बांधले होते. गुणगुण तर होतीच, वर माईकला ओठ लागला की झिणझिण्या. माझ्या मुलीने घाबरून गाणं सोडलं होतं काही महिने. मीटर रूमपासून नवीन अर्थ ओढून घेतला तेव्हा दोन्ही थांबलं. वायर नसेल तर वायर घाला, पिन कापून काय साधतं?

जुना पीसीवाला

पंख्याचा गोल डिमर (रेग्युलेटर) आणि स्वस्तातला इन्व्हर्टर, हेही तपासा. पंखा मधल्या वेगावर असेल तर बझ, पूर्ण वेगावर गायब, असं झालं तर गुन्हेगार डिमर. इंटरफेसवर हजारो ओतून हे जाणार नाही, मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

तापकीर गल्ली

ठीक आहे, पिन ठेवा. पण एकाच बोर्डाने सगळ्यांचं भागत नाही, हे लिहून ठेवतो.

नवी मुंबई गिटार

स्पीकर दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटवर होते. एका बोर्डावर आणले. घूं गेला, बारीक सूं आहे.

ढोलकी ठाणेकर

सूं आहे तो गेन (इंटरफेसवर आवाज वाढवण्याचं बटण) जास्त असल्याचा. माईक जवळ घ्या, गेन उतरवा. आणि इंटरफेस ४८ किलोहर्ट्झवर आणि रेकॉर्डिंगचा प्रोजेक्ट ४४.१ वर असं नाही ना, तेही बघा. टकटक येते त्याने.

काळी चार

भाचीने एन्हान्समेंट्स बंद केल्या. तंबोरा परत आला, तेवढं पीसीवाल्यांचं बरोबर निघालं. खरखर मात्र तशीच आहे.

जुना पीसीवाला

कंडेन्सर बाजूला ठेवा. फँटम न लागणारा साधा डायनॅमिक माईक आणि छोटा मिक्सर घ्या.

काळी चार

म्हणजे असलेला माईक पडून आणि दोन नव्या वस्तू विकत. त्यापेक्षा एक इंटरफेस घेतला की तिचा तोच माईक चालतो. शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय. ठेवणीतला तंबोरा आणि लॅपटॉप सोबत नेणार, दुकानातच लावून ऐकणार.