लिटिल चॅम्प्समधली माझी तीन आवडती मुलं, आणि त्यात आर्या का नाही

भजनी_पेटी (धागा काढणारी)

भाऊबीजेला माहेरी गेले होते. भावाने यूट्यूबवर 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'चे जुने भाग लावले आणि सोळा-सतरा वर्षांपूर्वीचं भांडण जेवणाच्या ताटावर पुन्हा सुरू झालं. तेच इथे मांडते.

तेव्हा जे पाळण्यात होते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लहान मुलांच्या गाण्याची स्पर्धा, पर्व २००८-०९ चं, झी मराठीवरचं. निवेदन पल्लवी जोशी, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. शेवटच्या पाचांत आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे. पाचही जण महाअंतिम फेरीत गायले आणि कार्तिकी जिंकली. लोकांनी त्यांना 'पंचरत्नं' म्हटलं, ते नाव आजही टिकून आहे.

माझा क्रम असा: कार्तिकी, रोहित, मुग्धा. आर्या आणि प्रथमेश यात नाहीत. इथे बऱ्याच जणांना राग येणार, माहीत आहे.

कारण सांगते. तेव्हा आमचा टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि ओटा आत. कार्यक्रम लागायचा तेव्हा मी भाकऱ्या थापत असायचे, टीव्हीकडे पाठ करून. गाणं सुरू व्हायचं आणि तव्यावरची भाकरी उलटायच्या आत मला कळायचं कोण गातंय ते. ही माझी परीक्षा. कपडे, मागचे दिवे, परीक्षकांनी गुण म्हणून दिलेला 'नि', यातलं काहीही न बघता जो गळा ओळखू येतो, तो माझा आवडता.

कार्तिकीचा गळा उघडा होता. मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते, म्हणून हे अधिकाराने सांगते. टाळ, पखवाज आणि तीस माणसांचा धृपद धरलेला आवाज, या सगळ्यावरून पलीकडे जाणारा सूर माइकसमोर उभं राहून शिकता येत नाही. तो देवळात, मंडपात, लहानपणापासून ओरडून ओरडून तयार होतो. ती गवळण घ्यायची तेव्हा पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द असा फेकायची की मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही तो कळावा. 'ती अभंगच गाते' अशी तक्रार तेव्हा फार ऐकली. एखादी मुलगी नाट्यपदं चांगली गाते तेव्हा 'ती नाट्यपदंच गाते' असं कोणी म्हणत नाही. अभंगालाच का?

रोहित दुसरा, कारण तो पडायला घाबरत नव्हता. मुग्धा तिसरी. पाचांत सगळ्यात धाकटी, पण तिचे शब्द एकेक वेचून ठेवल्यासारखे स्वच्छ.

आर्या सुरेलच होती, त्यात वादच नाही. पण मला तिच्या गाण्यात घोटून घेतलेली तालीम आधी ऐकू यायची आणि ती नंतर. प्रथमेशबद्दलही थोडं तसंच.

बोला आता.

तानपुरा

पूर्ण असहमत. आणि ताई, तुमच्या लिहिण्यात मोठी विसंगती आहे.

आर्याची आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका, म्हणून आर्याचं गाणं 'घोटून घेतलेलं'. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक-संगीतकार, तरी तिचं गाणं 'देवळात तयार झालेलं'. दोघींनाही घरातच गुरू मिळाले. एकीला आईने शिकवलं, एकीला वडिलांनी. मग एकीचा वारसा आणि दुसरीची फक्त तालीम, हे कुठल्या न्यायाने?

दुसरं म्हणजे स्पर्धा कशाची होती? दर आठवड्याला वेगळा विषय, वेगळा संगीतकार, वेगळा बाज. त्यात जो भावगीत, नाट्यपद, लावणी, हिंदी हे सगळं त्या त्या अंगाने गातो तो पहिला. आर्याच्या आवाजाला वजन नसेल, पण ती मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाताना, मधला एकही सूर गाळायची नाही. चौदा वर्षांच्या मुलीने भावगीतात इतकं कमी करून दाखवणं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. जोरात गाणाऱ्याला टाळ्या लवकर पडतात. हळू गाणाऱ्याचं ऐकायला खोली शांत लागते, आणि ओट्यावर भाकऱ्या थापताना ती नसते.

बार्शी_रोडचा

रोहितला दुसरा नंबर दिलात, त्याबद्दल आधी हात जोडतो. पण तुम्ही त्याला एका ओळीत गुंडाळलंत, म्हणून लिहितोय.

मी लातूरचा. आमच्या गावाचं नाव तोवर टीव्हीवर दोनच कारणांनी यायचं, १९९३ चा भूकंप आणि बारावीचा निकाल. आमचा एक पोरगा गिटारच्या साथीवर उभा राहून गातोय, हे पाहताना काय वाटायचं ते पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावता येणार नाही.

त्यात ते वर्ष भारनियमनाचं. ज्या आठवड्यात संध्याकाळची पाळी असायची त्या आठवड्यात नेमका कार्यक्रम लागायचा आणि लाइट जायची. गल्लीत एकाकडे इन्व्हर्टर होता. त्यांच्या बैठकीत वीस-पंचवीस माणसं, दारात चपलांचा ढीग. गाणं संपलं की सगळे मोबाइल काढून एसएमएस करायचे. त्या एसएमएसला नेहमीपेक्षा जास्त पैसे कापले जायचे, तरी करायचे. पण ज्यांच्याकडे इन्व्हर्टरवाला शेजारी नव्हता त्यांनी गाणंच पाहिलं नाही, मग मत कुठून देणार? मतांवर निकाल लावायचा आणि निम्म्या महाराष्ट्रात लाइट नाही, याचा विचार कोणी केला होता?

शिवाय तेव्हाच्या मराठी प्रेक्षकाचा कानच असा होता की अभंग आणि नाट्यपद म्हणजे 'खरं गाणं' आणि रोहित गायचा ते 'मुलांचं आवडतं'. पुढे इंडियन आयडॉलच्या अकराव्या पर्वात तो देशभरातून दुसरा आला, २०२० मध्ये. तेव्हा तेच लोक म्हणाले, आपला रोहित.

कुंडावरचा

आरवलीपासून दोन गावं सोडून माझं घर. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना गरम पाण्याची कुंडं लागतात ना, तीच आरवली. त्यामुळे मी प्रथमेशकडूनच बोलणार, लपवत नाही.

धागाकर्तीने त्याला 'थोडं तसंच' म्हणून दीड वाक्यात संपवलं. त्याचं वय बघा. मुलग्यांचं ते वय आवाज फुटण्याचं. काल लागलेला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आज सकाळी चिरकतो. पट्टी खाली आणावी लागते, सवयीच्या जागा हातून निसटतात. मुलींचाही आवाज बदलतो, पण असा धाडकन नाही. मी स्वतः शाळेत असताना भजनं गायचो आणि आठवीत गाणं सोडलं ते याच कारणाने, वर्गातली पोरं हसायची म्हणून. त्या उंबरठ्यावरचा मुलगा दर आठवड्याला कॅमेऱ्यासमोर नाट्यपद घेतो, ताना घेतो आणि समेवर येऊन हसतो. त्याला 'मोदक' म्हणून गाल ओढायला सगळे होते, पण त्याच्या पोटात तेव्हा काय होत असेल ते कळायला मुलगाच असावं लागतं.

परीक्षक_हवेत

तुमची परीक्षाच मला मान्य नाही, भजनी_पेटी. तुम्ही गळा ओळखत होतात की साज?

कमलेश भडकमकरांचं संगीत संयोजन होतं. तबल्यावर अर्चिस लेले, ढोलकीवर निलेश परब, बासरीला अमर ओक, सिंथेसायझरवर सत्यजित प्रभू. असा ताफा मोठमोठ्या गायकांना मिळत नाही. पखवाजाची थाप आली की कार्तिकी असणार आणि गिटारचा तुकडा आला की रोहित, हे गाणं सुरू व्हायच्या आधीच कळायचं. आर्याला कुठलंही गाणं मिळायचं, म्हणून ती साजावरून ओळखू यायची नाही. म्हणजे तुमच्या परीक्षेत तिला तिच्या विविधतेची शिक्षा झाली!

मुळात मतांवर निकाल लावणंच मला पटत नाही. १९९५ मध्ये हिंदीत 'सा रे ग म' सुरू झालं तेव्हा सोनू निगम निवेदन करायचा आणि समोर शास्त्रीय संगीतातले दिग्गज परीक्षक म्हणून बसायचे. त्यांचा शब्द अखेरचा. श्रेया घोषाल, बेला शेंडे या तिथून पुढे आल्या. मतं आल्यावर काय झालं? २००५ च्या फेम गुरुकुल या हिंदी गाण्याच्या स्पर्धेतून अरिजित सिंग बाहेर पडला.

बार्शी_रोडचा

अरिजितचं उदाहरण प्रत्येक वेळी निघतं. पण लोकांनी मत द्यायचंच नाही म्हणता, तर लातूरच्या पोराला दिग्गजांनी अंतिम फेरीपर्यंत ठेवलं असतं का? मला शंका आहे. माझी तक्रार लाइट नव्हती याची आहे, मत होतं याची नाही.

अनघाची_आई

मी या चर्चेत जरा वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी नऊ वर्षांची असताना आम्ही एका गाण्याच्या कार्यक्रमाच्या ऑडिशनला गेलो होतो. कुठला ते लिहीत नाही. पहाटे पाचला रांगेत उभे राहिलो, नंबर आला दुपारी अडीचला. तोवर तिने पाणीसुद्धा बेताने प्यायलं होतं, मध्ये नंबर चुकू नये म्हणून. आत कॅमेरा नव्हता, टीव्हीवरचे परीक्षकही नव्हते. टेबलामागे दोघं बसलेली. तिने धृपद संपवून अंतऱ्याला सुरुवात केली आणि त्यातल्या एकाने कागदावरून नजर न उचलता 'थँक्यू बेटा' म्हटलं. बाहेर येऊन तिने विचारलं, "आई, मी कुठे चुकले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती चुकलीच नव्हती. त्यानंतर दीड वर्ष तिने गाणं म्हटलं नाही.

तुम्हाला टीव्हीवर जी पहिली फेरी दिसते ती अशा किती चाळण्यांनंतरची असते हे कृपया लक्षात ठेवा. आणि जी मुलं तिथवर पोहोचली त्यांनाही आपण पहिली, दुसरी, तिसरी लावत बसतो. आठ वर्षांच्या मुलीच्या गाण्याला मोठ्या माणसांनी क्रमांक लावावेत का, हा माझा प्रश्न आहे.

तानपुरा

वाचून वाईट वाटलं. मुलांशी असं वागणं चूकच, त्याला दुसरा शब्द नाही.

पण म्हणून कार्यक्रमच नको, या मताला मी येणार नाही. मी क्लास घेतो. २००९ च्या जूनमध्ये माझ्याकडे गाणं शिकायला आलेल्या मुलांची रांग जिन्यापर्यंत होती, आणि त्यातल्या निम्म्या मुलांना नाट्यपद शिकायचं होतं. त्याआधीच्या वर्षापर्यंत मला ते विनवण्या करून शिकवावं लागायचं. २०२१ च्या पर्वात हीच पाच मुलं मोठी होऊन परीक्षकांच्या जागी बसली, ताई-दादा म्हणून. तिथे कोणी कागदात तोंड खुपसून बसलेलं मी तरी पाहिलं नाही. आपण काय सोसलं हे त्यांना आठवत असणार.

भजनी_पेटी

सगळं वाचलं. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण 'गळा की साज' हा प्रश्न मला झोंबला.

तेव्हा असं केलं. भावाला सांगितलं, तू गाणी मधूनच लाव, सुरुवातीचे तुकडे ऐकवू नकोस. शक्यतो जिथे वाद्यं थांबतात आणि नुसता आवाज राहतो तिथून लाव, नाव सांगू नकोस. मी डोळे मिटून बसले. साधारण वीस तुकडे झाले.

कार्तिकी दरवेळी ओळखली, अगदी अभंग नसतानाही. रोहितही. त्याच्या आवाजाला कडेला एक खर आहे, ती शब्दाच्या शेवटी लागते. मुग्धाला मात्र मी दोनदा चुकले, तिच्याऐवजी दुसऱ्याच एका छोट्या मुलीचं नाव घेतलं. आणि ज्याला मी दीड वाक्यात संपवलं होतं त्या प्रथमेशला एकदाही चुकले नाही. तो तान संपवून मूळ सुरावर परत येतो ना, तिथे एक छोटंसं थांबणं आहे. दार लावून कडी घालावी तसं. भाकऱ्या थापताना ते माझ्या कानातून सुटलं असणार. कुंडावरचे, तुमच्या शेजाऱ्यावर मी अन्याय केला होता. तिसरा नंबर त्याचा.

तानपुरा, वारसा आणि तालीम यांत मी जो भेद केला तो चुकीचा होता, तो मागे घेते. दोघीही शिकूनच आल्या. पण आर्याला मी सात तुकड्यांपैकी तीनदा ओळखलं नाही. तुम्ही म्हणाल हीच तिची ताकद, प्रत्येक गाण्यात ती त्या गाण्याची होते. असेल. मला गाणाऱ्याचा गळा आधी लागतो, त्याला मी काय करू?

अनघाची आई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. क्रम लावते आहे आणि तुमचंही पटतंय. अनघा आता गाते का?

अनघाची_आई

गाते. क्लास नाही लावला पुन्हा, तिला नको म्हणाली. पण गणपतीत आरतीचा सूर तीच लावते, पेटीची काळी चार पट्टी, आणि आजीला तो चढत नाही म्हणून दोघींची दरवर्षी वादावादी होते.

तानपुरा

काळी चार योग्य आहे, आजींना सांगा.

भजनी_पेटी, मीही काल रात्री तुमच्यासारखंच डोळे मिटून ऐकलं, आमच्या हिने तुकडे लावले. आर्या सातच्या सात. शांत खोलीत ऐका एकदा, पंखासुद्धा बंद करून. पहिला नंबर तिचाच.